शेवटच्या पाहुण्याच्या पलीकडे

१

सकाळी फाटक उघडण्याआधी बागेतल्या पायवाटेच्या दगडांवर पाणी शिंपडायचं, शेवाळावर पडलेली मॅपलची पानं हाताने वेचायची, आणि लहान चहाघराकडे वळणाऱ्या वाटेवर काळ्या सुंभाने बांधलेला धोंडा ठेवायचा, ही माझी कामं. धोंडा दिसला की पुढे पाऊल टाकायचं नाही, हे आमच्या मात्सुएत पोरासोरांनाही कळतं. टोकियोहून आलेल्यांना मात्र सांगावं लागतं, आणि सांगितल्यावरही एखादा महाभाग धोंडा ओलांडून जाऊन फोटो काढतोच.

शिओरी-आन ही कुणा सरदाराने फक्त चहासाठी बांधलेली हवेली. तळ्याच्या वर, टेकडीच्या अंगाला. आम्ही दोघी बहिणी तिच्या मागच्या खोल्यांत राहतो. मी तिकिटं फाडते, बाग दाखवते, लोकांच्या चपला सरळ करते. मिसाओताई मोठ्या खोलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा करून देते. तिचा हात आईसारखा. माझ्या पायाला भिंगरी, असं ती म्हणते, आणि ते खोटं नाही. मला एका जागी बसवत नाही. बसले की कुठला तरी नळ टपटपतोय असं वाटत राहतं.

महिन्यातून एकदा, फाटक बंद झाल्यावर दुपारी, लहान चहाघरात आमची घरची बैठक असते. तिथे चहा मी करायचा, हा आईचा हुकूम होता. एवढा वेळ तरी कार्टी एका जागी बसेल, असं ती कुरामित्सु-सानना सांगायची. हे आमचे शेजारी, रिटायर झालेले शाळामास्तर, आणि आमचे कायमचे पहिले पाहुणे. त्यांच्या शेजारी ताई बसायची. आणि सगळ्यांत शेवटी आई.

शेवटच्या पाहुण्याची जागा कोणी मागून घेत नाही. कामं सगळी त्याचीच. रांगत आत यायचं ते बुटकं दार सगळ्यांच्या मागून त्याने ओढायचं, आणि शेवटी टक असा आवाज होईल इतपत जोराने ओढायचं, म्हणजे भिंतीपलीकडे तयारीच्या खोलीत बसलेल्या यजमानाला कळतं की सगळे आले. आईचा टक मी हजारांत ओळखला असता.

आई फेब्रुवारीत गेली. वय झालं होतं, झोपेत गेली, तक्रार करायला जागा नव्हती.

२

आई गेल्यावरची पहिली बैठक वसंतात झाली. पाहुणे दोनच, कुरामित्सु-सान आणि ताई. दार ताईने ओढलं. टक झाला, जरा भित्रा. मी आत गेले.

आधी हिरवी पूड गरम पाण्यात घोटून केलेला घट्ट चहा, मग पातळ. घट्ट चहाचा वाडगा एकच असतो, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. ओठाला लावण्याआधी शेजारच्याकडे वळून वाकायचं, 'तुमच्या आधी घेते' म्हणायचं. मग आपले घोट घ्यायचे, कडा पुसायची, वाडगा पुढे द्यायचा. शेवटच्या पाहुण्याला शेजार नसतो. त्याने कोणाला काही म्हणायचं नाही, उरलेलं सगळं संपवायचं.

कुरामित्सु-सान प्यायले. वाडगा ताईकडे आला. ताई वळली, दोन्ही हात चटईवर टेकले आणि नीट, खोल वाकली.

"तुमच्या आधी घेते."

तिच्या पलीकडे खांब होता, आणि खांबामागे अर्धी चटई. त्या कोपऱ्याला खिडकी नाही, तिथे भरदुपारीही काळोख असतो. आई तिथेच बसायची. आयुष्यभर ताईने त्या बाजूला वळून तेच शब्द म्हटले होते, त्या दिवशीही तोंडातून निघून गेले. ती आपले घोट प्यायली, कडा पुसली, आणि वाडगा त्या रिकाम्या चटईवर ठेवला.

चहाच्या वेळी असल्या गोष्टी बोलायच्याच नसतात, आपण काही पाहिलं नाही असं दाखवायचं असतं. किटलीत पाणी गुणगुणत होतं. ताईच्या लक्षात आलं तेव्हा तिचे कान लाल झाले. तिने हात लांब करून वाडगा परत घेतला, आणि तो हातोहात माझ्याकडे आला.

भिंतीमागे येऊन वाडगा धुवायला घेतला तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. मीही हाताच्या सवयीने तिघांपुरता चहा घोटला होता. दोघं दोघांपुरतं प्यायली होती. आणि वाडगा रिकामा होता.

एवढ्यावर मी थांबले असते. ताई जास्त प्यायली असेल, त्यात काय. पण आमच्या त्या वाडग्याला पुढची बाजू आहे, तपकिरी अंगावर एक पांढरा डाग, आणि यजमान तो डाग पाहुण्याकडे करून वाडगा ठेवतो. पाहुणा तो फिरवून बाजूच्या कडेने पितो. पुढून कोणी पीत नाही, ती वाडग्याची अदब आहे. घट्ट चहा पिताना आत हिरवा ओघळ राहतो, तो बाजूला होता, जिथे असायला हवा तिथे. आणि दुसरा एक ओघळ होता, बारीक, बरोबर पांढऱ्या डागाच्या आतल्या बाजूला.

३

रात्रीच्या जेवणाला शिंपल्यांचं सार होतं. मी ताईला विचारलं, वाडगा न फिरवता प्यायलीस का. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोर म्हटलं.

"काहीतरीच काय. सात वर्षांची होते तेव्हापासून फिरवतेय."

मग मी ओघळाचं सांगितलं. सांगायला नको होतं. ती शिंपला टोचत हळूच म्हणाली, आई आली असेल.

मला रागच आला. "आई? आणि पुढून प्यायली? अगं, स्वतःच्या लग्नात नवऱ्याकडच्या मामाने पुढून चहा प्यायला म्हणून आईने त्या माणसाशी जन्मभर अबोला धरला."

ताई हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. त्या हसण्यापायी मी पुढे मूग गिळून बसले, हे कबूल करायला हवं.

पुढच्या बैठकीला ती चुकून नाही, ठरवून वळली. मीही ठरवूनच चहा दोघांपुरता घोटला होता. ताईने आपल्या वाट्यातला अर्धा ठेवला आणि वाडगा पलीकडे सरकवला. मी किटलीकडे पाहत बसले. कपड्याचा आवाज आला का, याचा विचार करत बसले. ताईचेच कपडे असतील. वाडगा परत आला तो रिकामा, आणि ओघळ पुढून.

नंतर बागेत कुरामित्सु-सानना गाठलं. ते खिशात कागदात गुंडाळलेली उरलेली मिठाई चाचपत होते. म्हणाले, माझी बायको गेली तेव्हा मी वर्षभर दोन टूथब्रश ओले करत होतो, चालायचंच. आणि वाडगा? मिसाओ-सान शेवटचा घोट घेताना गोंधळतात, रडू येत असेल, डोळ्यांत पाणी असलं की पुढचं-मागचं कळत नाही. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं, आणि त्या रात्री उठून चहाघराची कडी लागली आहे ना ते पाहून आले.

४

उन्हाळ्यात हिरोशिमाहून एक मंडळ आलं. त्यांच्यातला एक जाडसा, घामाघूम माणूस धोंडा न पाहता सरळ लहान चहाघरापर्यंत गेला. मी मागून हाका मारत पोचले तोवर तो बुटक्या दारातून डोकं आत घालून उभा होता. एकदम मागे सरला, दाराकडे तोंड करून वाकला, माफ करा माफ करा म्हणाला, आणि मग माझ्यासमोरही वाकला.

"बैठक चाललीय हे ठाऊक नव्हतं."

बैठक नाही, मी म्हटलं. ताई तेव्हा मोठ्या खोलीत त्याच्याच मंडळाला चहा देत होती, मी स्वतः बघून आले होते.

तो अवघडला. कपाळ पुसत म्हणाला, "मग तुमच्यापैकी कोणी विश्रांती घेत असेल. पाय पसरून बसलं होतं, खांबाला पाठ लावून. म्हटलं, एवढ्या जुन्या जागेत असं बसू देतात?"

बाई होती की पुरुष, ते विचारलं. तो म्हणाला, पायच दिसले. मग स्वतःच हसला, आत काळोख होता, एखादी दुलई असेल.

चहाघरात दुलई नसते. काहीच नसतं. मी दार पूर्ण उघडून आत पाहिलं. रिकामी खोली, गवताचा वास, खांब. त्यामागच्या अर्ध्या चटईवर हात फिरवायला मी गुडघ्यांवर पुढे सरकले आणि मध्येच थांबले. हात पुढे जाईना. बाहेर येऊन मी त्या माणसाला फुकट मिठाई दिली, का दिली कोण जाणे.

आई पाय पसरून बसली नसती. मरणाच्या आदल्या दिवशीही ती अंथरुणात पाय दुमडून बसली होती. जे तिथे बसत होतं ते आई नव्हती, एवढं मला त्या दिवशी कळलं, आणि ज्याला चहाचं काहीच ठाऊक नव्हतं अशा कोणाला तरी माझी बहीण दर महिन्याला वाकून आमंत्रण देत होती.

ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला आई कधी कळलीच नाही, तोकिए." तिला दुखवायचं नव्हतं, मला दुखलं.

५

मग ओघळ सरकू लागला.

आधी डागाच्या कडेला आला. पुढच्या खेपेला डागाच्या बाहेर. पाऊस संपता संपता तो ताईच्या ओघळाला जाऊन मिळाला, बरोबर जिथे असायला हवा तिथे, आणि कडा पुसलेली होती. ताईला आनंद झाला. बघ, म्हणाली, आईच आहे, आजारपणात विसरली होती, आता आठवलं. मला भीती वाटली ती तेव्हापासून खरी. ते आठवणं नव्हतं. कोणीतरी शेजारी बसून बघत होतं आणि शिकत होतं.

त्याच दिवसांत मोठ्या खोलीत एका बाईने ताईला हसत विचारलं, तुमच्याकडे वाडगा उलटा देण्याची पद्धत आहे का. ताईने डाग स्वतःकडे करून वाडगा ठेवला होता. दमली असशील, मी म्हटलं. मग तिने चहात गार पाणी ओतलं. मग बांबूची रवी कुठल्या टोकाने धरायची ते आठवेना, आणि ती रवीकडे पाहत बसली. मी तिला उठवलं, पुढचे पाहुणे मीच सांभाळले, तिकिटांच्या खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली. तिला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरांनी चित्रं काढायला लावली, आकडे उलटे म्हणून घेतले, सगळं झक्क आलं. वाराचं नाव, पंतप्रधानांचं नाव, लहानपणीचा पत्ता, सगळं. डॉक्टर म्हणाले, शोक असतो, वेळ द्या.

फक्त चहाचं जात होतं. पण तिच्यातून चहा काढला तर उरतं काय? आम्हाला आईने दुसरं काही शिकवलंच नव्हतं. कसं वाकायचं, दार कसं ओढायचं, दुसऱ्याच्या आधी घास घेताना काय म्हणायचं, हे सगळं चहातूनच आलेलं. एका सकाळी बागेत ती त्या बांधलेल्या धोंड्यापाशी उभी राहिली.

"हा इथे कोणी टाकला? कोणी ठेचकाळेल." आणि तिने तो पायाने बाजूला लोटला.

मी तिचा दंड धरून तिला घरात आणलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आई गेली त्याचं मला वाईट वाटलं होतं. पण ताईशिवाय जगायचं कसं हे मला खरंच ठाऊक नव्हतं, मी तिच्याशी भांडूनच मोठी झाले होते.

बैठकाच बंद करा, असं कोणीही म्हणेल. मी केल्या होत्या. महिनाभर चहाघराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. तरी फाटक बंद झालं की दुपारी आतून टक असा आवाज यायचा. आईचा नव्हे. ताईचा, भित्रा. आणि ताई तेव्हा माझ्यासमोर बसलेली असायची.

शेवटी कुरामित्सु-सानना सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी टूथब्रशची गोष्ट सांगितली नाही. चष्मा पुसला. मग म्हणाले, ज्याला बोलावलं त्याला निरोपही द्यावा लागतो, पण नुसतं हाकलून चालत नाही. चहाचं वर्ष ऑक्टोबरात संपतं, तेव्हाची उरल्यासुरल्या पानांची बैठक तोंडावर आहे. मिसाओ-सानना पहिल्या जागी बसवा. शेवटी मी बसतो. मी कोणाला काही म्हणणार नाही आणि वाडगा चाटूनपुसून संपवेन. पलीकडे काही नाही, असं एकदा रीतसर झालं की झालं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण मिठाईसाठी येतो ते ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुम्ही दोघी सोडून मला तरी जायला कुठलं घर आहे?"

६

ऑक्टोबरची दुपार, आकाश भरलेलं. भिंतीमागे मी कान देऊन बसले होते. ताई आत आल्याची चाहूल लागली, मग कुरामित्सु-सानचे गुडघे वाजले, मग दार. टक. खणखणीत, पुरुषी. मी वाट पाहिली. दुसरा आवाज आला नाही. मी श्वास सोडला आणि आत गेले.

ताई पहिल्या जागी बसली होती, जरा वाकडी. पाहुणे बसतात तशी, इकडेतिकडे बघत. कुरामित्सु-सान खांबाशी, पाठ ताठ, नजर खाली. त्यांच्या पलीकडे मी पाहिलं नाही. पाणी चांगलं तापलं होतं. मी चहा घोटला, दोघांपुरता, आणि वाडगा ताईपुढे ठेवला. डाग तिच्याकडे.

तिने तो एका हाताने उचलला. शेजाऱ्याकडे वळली नाही, काही म्हणाली नाही. डागावरच ओठ लावून सगळा चहा पिऊन टाकला, बाहीने तोंड पुसलं आणि वाडगा माझ्याकडे परत सरकवला.

"कडू आहे हो," ती म्हणाली. अगदी सौजन्याने. "तुम्ही इथेच राहता का?"

मी ताई म्हणून हाक मारली. ती हसली, तिकिटाच्या खिडकीवर अनोळखी लोक हसतात तेवढंच.

मग खांबामागून आवाज आला.

"घोटलाय मात्र सुरेख, तोकिए. पायाची भिंगरी निघाली वाटतं."

आवाज ताईचा होता. नुसता आवाज नव्हे, ती मला चिडवते तेव्हा शब्दाच्या शेवटी जी किंचित ओढ असते तीसुद्धा.

"तोकिए-सान," कुरामित्सु-सान म्हणाले, आणि मी त्यांना कधी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "इकडे बघू नका."

मी बघितलं. फक्त हात. खांबाच्या सावलीतून पुढे आलेले, चटईवर टेकलेले, बोटं जुळवून, अंगठे आत. त्यांच्यात काही चूक नव्हती. इतके नीट हात मी आईचेही पाहिले नव्हते. ते वाकण्यासाठी टेकले होते आणि माझ्या वाकण्याची वाट पाहत होते.

माझ्यासमोर ताई उठली. चहाघरात उठून उभं राहत नाहीत, तिचं डोकं छताला लागलं. "बाहेर जायची वाट कुठून?" तिने कुरामित्सु-सानना विचारलं. ते डोळे मिटून बसले होते. तिने स्वतःच बुटकं दार शोधलं, ओणवी झाली, आणि अनवाणी दगडांवर उतरली. दार उघडंच राहिलं. तिची पावलं फाटकाकडे नाही, तळ्याच्या बाजूला, उताराकडे जात होती.

मला उठायचं होतं. खरंच उठायचं होतं. पण ज्या बाईला माझं नाव ठाऊक नव्हतं ती बाहेर चालली होती, आणि जिच्या तोंडी माझं नाव होतं, माझ्या सगळ्या खोडी होत्या, आमचं सगळं लहानपण होतं, ती आत बसली होती. माझे हात माझ्या आधीच चटईवर टेकले होते. मी वाकले.

"आता पातळ चहा होऊन जाऊ दे," ताईचा आवाज म्हणाला. "दमलीस का गं?"

नाही, मी म्हटलं. बाहेर तळ्याकडचं झुडूप खसखसलं. पाहुणा समोर बसलेला असताना यजमानाने उठायचं नसतं. मी वाडगा धुतला, पुसला, आणि किटलीतलं पाणी ओतायला घेतलं.